अलॉट झालेली गाडी

"बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं डोक्यावर बसतं," असं अलॉटभाऊ येता-जाता म्हणायचे. चहाचा कप तोंडाला लावताना म्हणायचे, कुणी तणतणत आलं तर म्हणायचे, आणि कुणीच आलं नाही तर समोरच्या कॉम्प्युटरला ऐकवायचे. डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांना ते इतकं पाठ झालं होतं की भाऊंनी नुसतं 'बोललेलं' म्हटलं की बाकावरची मंडळी उरलेलं एका सुरात पुरं करत. भाऊ रागावण्याऐवजी मान डोलावत. आपलं वाक्य लोकांच्या तोंडी बसलं याचा त्यांना अभिमान होता. अभिमान हा त्यांचा एकच शौक. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, लग्नसुद्धा नाही.

ते बसच्या डेपोत कारकून होते. डेपोतून बाहेर पडणारं प्रत्येक इंग्रजी पत्र त्यांच्या हातून जायचं. साहेब आले आणि गेले, कुणी तापट, कुणी मऊ. पण सगळ्या साहेबांची इंग्रजी भाऊंचीच. त्यांची खोली डिझेलच्या पंपाला लागून होती. खिडकीच्या काचांवर धुराचा असा थर की बाहेर ऊन असो की आभाळ, आत कायम संध्याकाळच. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली झिजलेल्या ब्रेकचा तुकडा सारलेला. तिथले कागदसुद्धा डिझेलचा वास घेऊन बाहेर पडायचे. परवाना कचेरीतले लोक म्हणत, भाऊंचं पत्र डोळे मिटून ओळखू येतं.

इंग्रजी ते शाळेत शिकले नव्हते. जुन्या फायलींत शिकले. त्यामुळे 'माझ्या पायात काटा मोडला' हे त्यांना इंग्रजीत सांगता आलं नसतं; पण काटा काढण्याची कार्यवाही प्रगतिपथावर आहे, हे त्यांनी झोपेतही लिहून दिलं असतं.

त्या सगळ्या इंग्रजीत त्यांचा जीव एका शब्दावर होता. अलॉट. गाडी अलॉट, मार्ग अलॉट, टायर अलॉट, गणवेशाचं कापड अलॉट. त्यावरूनच त्यांना अलॉटभाऊ हे नाव पडलं होतं आणि त्यांनी ते बिल्ल्यासारखं मिरवलं. कचेरीत नवं माणूस आलं की त्याची शिकवणी या शब्दापासून सुरू व्हायची.

"'दिली' असं कधी लिहू नका," ते एका नव्या कारकून बाईंना सांगत होते, तेव्हा मी शहरातल्या बसच्या पासासाठी दारात उभा होतो. "'दिली' लिहिलं की माणसं दारात येतात. एक विचारतो कुणी दिली, दुसरा विचारतो कधी दिली, तिसरा म्हणतो दाखवा कुठं आहे. तुम्ही 'अलॉटेड' लिहा. सगळे घरी जातात."

"आणि गाडी?" बाईंनी विचारलं.

"गाडी मागनं येते. कागद म्हणजे इंजिन हो, वस्तू म्हणजे डबे. इंजिन निघालं की डबे कुठं जातात?" मग त्यांनी एक पत्र बाईंपुढे पसरलं आणि नखाने ओळ दाखवली. "हे बघा. आधी गाडी. मग गावाचं नाव. मग 'हिअरबाय अलॉटेड'. यात देणारा दिसतो का कुठं?"

"नाही दिसत."

"तेच तर सौंदर्य! पाऊस पडला म्हणतो आपण. कोणी पाडला, सांगतो का?"

बाकावरून एक जाडा कंडक्टर ओरडला, "भाऊ, मला एक बायको अलॉट करा की!"

"केली," भाऊ मान वर न करता म्हणाले. "आता तुझी मागणी संपली. दुसरी मागायची नाही."

"पण पहिली कुठाय?"

"ती मार्गस्थ आहे."

सगळा बाक हसला. मीही हसलो. तो विनोद नव्हता, ती त्या कचेरीची रीतच होती, हे मला तेव्हा कळलं नाही. तिथे वस्तू अलॉट झाली की मागणाऱ्याचं नाव मागणाऱ्यांतून निघायचं. वस्तू हातात पडो न पडो.

आमचं गाव चढावर आहे. खाली शहर, शहरात डेपो, डेपोपलीकडे मोठा दवाखाना. आणि तिथून दगडी रस्ता वळणं घेत घेत आमच्यापर्यंत येतो आणि दमून संपतो. पुढे रस्ता नाही. भाऊ मूळचे तिथलेच. त्यांची मोठी बहीण आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, माझी आईसुद्धा. भाऊंची आई त्यांना जन्म देऊन गेली. अक्काचं लग्न झालं होतं, पण नवरा लवकर गेला, ती माहेरी परतली, आणि धाकट्या भावाला तिने कडेवर वाढवलं. लोकांच्या चादरी धुतल्या, गोण्या शिवल्या, कुणाच्या घरी बाळंतीण असली तर तिथे राबली. भाऊ शहरात नोकरीला लागले त्या दिवशी तिने दारात उभं राहून त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "जा. आता तुझं तू." आणि मग त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर आमच्या आईपाशी येऊन बसली, ती उठेचना.

उतारवयात अक्काची मूत्रपिंडं निकामी झाली. दर आठवड्याला तिला खाली दवाखान्यात नेऊन मशीनला जोडायचं, तिचं रक्त धुऊन परत अंगात सोडायचं. अक्का म्हणायची, "जन्मभर मी लोकांच्या चादरी धुतल्या, आता लोक मला धुतात. फिट्टंफाट."

तिला नेण्याचं एकच साधन होतं, जावईबापूंची जीप. हा आमच्या गावचा जावई. बायकोच्या हट्टाने इथेच राहिला, म्हणून सगळं गाव त्याचं सासर आणि प्रत्येक पुरुष त्याचा मेव्हणा. जीप जुनी होती, दार दोरीने बांधलेलं. पण अक्काच्या दिवशी पुढची जागा अक्काची. शाळामास्तर आले तरी मागे. येताना ती पिळून काढलेल्या कपड्यासारखी व्हायची. तेव्हा जावई मागच्या बाकावर चादर अंथरायचा आणि खड्डा दिसला की आधी सांगायचा, "अक्का, धरा."

गावाला बस हवी, ही मागणी भाऊंच्या नोकरीहून जुनी होती. बैठका झाल्या, निवेदनं गेली. पावसाळ्यात दगड घसरायचे, जीप कधी बिघडायची. भाऊ सुट्टीला आले की अक्का टोमणा मारायची, "अरे धाकट्या, साऱ्या मुलखाला गाड्या वाटतोस. बहिणीच्या दारात एक आणून उभी कर."

"आणतो अक्का. तुझी पाळी येऊ दे."

"माझी पाळी यायला आता फार नाही राहिलं."

"तसलं बोलू नकोस गं."

त्या वर्षी डेपोला नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण वरून विचारणा आली की त्याला घाम फुटायचा. वरून आलं: जुन्या मागण्या किती शिल्लक? शून्य व्हायला हव्यात. साहेब भाऊंच्या खोलीत आले. जाड्या कंडक्टरने पुढचं सगळं बाकावरून ऐकलं आणि आम्हाला सांगितलं.

"अहो भाऊ, तुमच्याच गावची मागणी लोंबकळते आहे. काढून टाकू. एक गाडी अलॉट करा."

भाऊ उभे राहिले. "कुठली गाडी, साहेब?"

साहेबांनी त्या मळक्या काचेतून वर्कशॉपकडे पाहिलं. तिथे एक बस लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चाकं काढलेली, पोट उघडं. "ती."

"तिला गिअरबॉक्स नाही, साहेब."

"येईल ना. तोही अलॉट झालाय."

बाकावरचे हसले. भाऊ मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला होता, असं कंडक्टर म्हणाला. त्यांचा विश्वासच होता कागदावर. आयुष्यभर त्यांनी कागद आधी जाताना आणि वस्तू मागून येताना पाहिली होती. कधी उशिरा, कधी तुटकी, पण आलेली. त्यांनी हात पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि आपल्या गावाचं नाव त्या वाक्यात बसवलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गावांची नावं बसवली होती. छापून आलेला कागद त्यांनी दोनदा उजेडात धरला.

पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' म्हणून कचेऱ्यांची नावं असतात. कुणाला पाठवायचं, हे कुणी ठरवत नाही. आधीच्या पत्रात होतं म्हणून पुढच्यात येतं. मार्गाचं पत्र असलं की एक प्रत परवाना कचेरीला जायची. आणि परवाना कचेरीचा नियम असा, की ज्या मार्गावर डेपोची बस आहे तिथे खाजगी गाडीला माणसं वाहता येणार नाहीत. भाऊंना नियम माहीत नव्हता असं नाही. तो त्यांनीच कधीतरी टाइप केला होता. पण त्या दिवशी बोटं सवयीने चालली आणि मन वर गावात, बहिणीच्या दारात जाऊन बसलं होतं. प्रत गेली.

बातमी सांगायला ते स्वतः वर आले, आणि आले ते जावयाच्याच जीपमधून. शाळेच्या ओसरीवर माणसं जमली. भाऊंनी आधी पत्र इंग्रजीत वाचलं, कारण ते त्यांना तसंच ऐकवायचं होतं. मग मराठीत सांगितलं. टाळ्या पडल्या. जावई जीपच्या टपाला टेकून ओरडला, "मेव्हणे, माझ्याच गाडीतून येऊन माझ्याच पोटावर पाय?"

"अरे, तुझी जीप राहील की. सामान आहे, लग्नकार्य आहे."

"राहू दे हो. बस आली तर मीच पहिलं तिकीट काढतो. या उतारावर माझी कंबर गेली."

अक्का भिंतीला टेकून बसली होती. सगळं शांत झाल्यावर तिने विचारलं, "कधी येणार?"

"अलॉट झाली, अक्का!"

"ते कळलं रे. येणार कधी?"

लोक हसले. भाऊंनी कागदावर बोट ठेवलं, काही म्हणणार होते, आणि मग तेही हसले.

बस आली नाही. जीप मात्र थांबली. खालच्या नाक्यावर जावयाला अडवलं, परवाना काढून घेतला, जीपच्या चाकाला साखळी घातली. तो पायी चढून वर आला, तेव्हा आम्ही अंगणात होतो. तो आमच्याशी बोलला, पण नजर अक्काच्या दाराकडे होती. "डेपोची गाडी सुरू आहे म्हणे या रस्त्याला. मी म्हटलं, दाखवा. तर म्हणाले, कागद दाखवू का?"

आईने हातातलं काम खाली ठेवलं. अक्काची मशीनची पाळी तोंडावर आली होती.

ती पाळी कशीबशी निभावली. खडी नेणारा ट्रक वर आला होता, त्याच्या केबिनमध्ये तिला बसवलं. ती परत आली तेव्हा तिच्या ओठांवर रंग नव्हता. ट्रकवाला माझ्या आईला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, मला यात नका घालू. रस्त्यात काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" पुढची पाळी चुकली.

भाऊंना कळलं तसे ते परवाना कचेरीत धावले. तिथल्या बाई त्यांना ओळखत होत्या, खुर्चीही दिली.

"बाई, ती गाडी ठोकळ्यांवर आहे हो. रस्त्यावर नाही."

"असेल. पण अलॉट आहे ना?"

"आहे."

"मग मी काय करू, भाऊ? तुमचंच पत्र. तुमची बस त्या मार्गावर असताना मी जीप कशी सोडू? उद्या कुणी विचारलं तर?" बाईंचा आवाज मऊ होता. "रद्दचं पत्र आणा. ज्यांनी दिली त्यांनी काढून घेतली, एवढं लिहून आणा. मी लगेच सोडते."

"ज्यांनी दिली," भाऊ म्हणाले. मग हळू म्हणाले, "त्या वाक्यात देणारा नाही हो, बाई. मीच ठेवला नाही."

बाईंना ते समजलं नाही. त्यांनी पाणी मागवलं.

साहेबांपुढे भाऊंनी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा, असं कंडक्टर म्हणाला. तो दारातच उभा होता. साहेब खरोखर कळवळले. वर्कशॉपला फोन लावून गिअरबॉक्ससाठी ओरडले. उत्तर आलं, निघालाय. पण रद्दचं पत्र म्हटल्यावर ते खुर्चीत मागे सरले.

"खोटं काय लिहिलंय आपण? गाडी त्या गावाचीच आहे. फक्त दुरुस्तीत आहे. रद्द केली तर वरचे विचारतील, नव्हती तर अलॉट कशी केली? मग मी कुणाचं नाव सांगू?"

"माझं सांगा, साहेब."

"तुमचं नाव पत्रात कुठं असतं, भाऊ?"

भाऊंनी टेबलावर विस्कटलेले कागद सारखे केले, आणि बाहेर आले.

मग त्यांनी ठरवलं, अक्कालाच खाली आणायचं. पण आणायचं कुठे? ते राहायचे वर्कशॉपच्या माडीवर, कंडक्टरांच्या लांबट खोलीत. लोखंडी खाटांच्या रांगा, खाटेखाली ट्रंका, दोरीवर खाकी कपडे आणि दिवसभर खालच्या हातोड्यांचा आवाज. डेपोच्या मागे एक घर रिकामं पडलं होतं. भाऊंनी त्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं की घर कुटुंबासाठी आहे, आणि कुटुंब म्हणजे बायको-मुलं. बहीण त्यात बसत नाही. ते उत्तर कारकून बाईंनी लिहिलं होतं, भाऊंनी शिकवलेल्या इंग्रजीत, एकही चूक न करता. देताना त्यांनी मान खाली घातली.

"बरोबर लिहिलंत," भाऊ म्हणाले.

माडीवर जाडा कंडक्टर वातावरण हलकं करायला म्हणाला, "भाऊ, तेव्हाच एखादी बायको अलॉट करून घ्यायला हवी होती."

कुणीच हसलं नाही. तो स्वतःच उठून खाली गेला.

शेवटी दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक खोली मिळाली. तळमजला, एक खिडकी, नळ दाराशीच. भाऊंनी ती स्वतः झाडली. भिंतीला चुना लावला, तो त्यांच्या केसांत तसाच राहिला. खाट आणली, बादली आणली, खिडकीला जुन्या चादरीचा पडदा केला. अक्काला उशाशी हाताला येईल असं पाण्याचं भांडं कुठे ठेवायचं, हे त्यांनी खाटेवर झोपून पाहून ठरवलं. आणि मग पायी चढून वर आले.

मी त्यांना अक्काच्या दारात शिरताना पाहिलं. अक्काचे पाय सुजून मोठे झाले होते आणि चेहरा लहान. श्वास घेताना तिच्या गळ्यातून फाटक्या पिशवीसारखा आवाज येत होता.

"चल, अक्का. खोली केलीय."

"आलास? बस आणलीस का?"

"नाही गं."

"बरं. तू आलास ना."

तिला खाटेसकट उचलायचं ठरलं. जावई पुढच्या एका पायाशी, आमचे काका दुसऱ्या. मागे, उशाच्या बाजूला, मी आणि भाऊ. धुकं होतं. दगड ओले होते, आणि रस्त्याचं एकच वळण पुढे दिसायचं. जावयाची सवय गेली नव्हती, खड्डा आला की तो म्हणायचा, "अक्का, धरा." ती कशाला धरणार? पण "हो" म्हणायची.

अर्ध्या उतारावर तिने मान वळवून भावाकडे पाहिलं. "दमलास रे. खांदा बदल."

"नाही दमलो."

"खोटं बोलतोस. लहानपणीही असाच. पाय दुखले तरी म्हणायचास, मी चालतो, मी चालतो. आणि मग कडेवर चढून झोपायचास." ती हसल्यासारखी झाली. "शाळेपर्यंत नेलाय मी तुला असा झोपलेला."

"बोलू नकोस. श्वास धर."

"तुला कुणी काही म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस. तू गाडी आणायलाच गेला होतास, मला ठाऊक आहे."

धुक्यात भाऊंचा चेहरा मला दिसत होता, आणि तो पाहू नये असं वाटत होतं.

खालच्या मोठ्या वळणावर धुकं विरलं. शहराची छपरं दिसली. जावई म्हणाला, "अक्का, ते बघा, दवाखाना दिसायला लागला." ती बोलली नाही. तो पुन्हा म्हणाला, "अक्का?"

"चला," भाऊ म्हणाले. "थांबू नका."

आम्ही चाललो. चौघांनाही कळलं होतं. कोणत्या पावलाला कळलं, ते सांगता येणार नाही. खाट तीच होती, वजन तेच होतं, पण खांद्याला कळतं. तरी भाऊ म्हणत राहिले, चला, चला, आणि आम्ही चालत राहिलो. शेवटी जावयाने आपल्या बाजूचा पाय हळूच जमिनीला टेकवला आणि खाटेकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

भाऊंनी खाट खाली ठेवली. अक्काच्या अंगावरच्या, झिजून पातळ झालेल्या चादरीची घडी सरळ केली. मग रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. त्यांना दोष देणारी माणसं गावात होती, पुढेही राहिली. पण त्या वळणावर नव्हती.

भाऊ कामावर परत गेले. कंडक्टर सांगायचा, ते खुर्चीवर बसायचे, पत्रंही लिहायचे, पण आता साधी लिहायचे. 'गाडी नाही.' 'टायर आलेले नाहीत.' 'कधी येतील ते माहीत नाही.' साहेब ती पत्रं कारकून बाईंकडे पाठवायचे, आणि बाई त्यांत ठेवणीतली इंग्रजी घालून द्यायच्या. बाकावरची मंडळी वाट पाहायची, की भाऊ 'बोललेलं' म्हणतील आणि आपण पुढचं म्हणू. ते कधी म्हणाले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली आणि प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तूंच्या खोलीत बसायला लागले. तिथे छत्र्या, डबे, एकेकटे बूट. आलेल्या माणसाला वस्तू दाखवायची, त्याची असली तर हातात द्यायची. तिथे लिहावं लागत नाही.

पुढे गिअरबॉक्स आला. बस ठोकळ्यांवरून उतरली आणि एके दिवशी धापा टाकत आमच्या गावात येऊन उभी राहिली. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. जावई तोवर जीप विकून दूर कुठेतरी खाणीवर ट्रक चालवायला गेला होता. पहिले काही दिवस बसमध्ये चढताना लोक चोरासारखे चढायचे. मग सवय झाली. रागाने उतार कमी होत नाही. माझी आईही त्याच बसने दवाखान्यात जाते, आणि त्या मोठ्या वळणावर डोळे मिटून घेते.

भाऊ अक्काचं घर बंद करायला आले ते सकाळी, पायी. दिवसभर आत आवराआवर चालली होती. कपडे धुण्याचा दगड त्यांनी आमच्या अंगणात आणून ठेवला, बादल्या शेजारणीला दिल्या. दाराला कुलूप लावून किल्ली आईच्या हातात दिली.

"वहिनी, कुणाला राहायला लागलं तर द्या."

"तुम्ही येणार ना अधूनमधून?"

भाऊंनी कुलूप एकदा ओढून पाहिलं.

"जेवून तरी जा, भाऊ."

"नको वहिनी. उजेड आहे तोवर उतरतो."

बस गावाबाहेरच्या वळणावर उभी होती. मी खाली रात्रीच्या कामाला निघालो होतो, आत बसलो होतो. त्या दिवशी तोच जाडा कंडक्टर होता. भाऊंना येताना पाहून तो खाली उतरला आणि दार धरून उभा राहिला. "या भाऊ, बसा. आपलीच गाडी."

भाऊ थांबले. गाडीकडे त्यांनी पुढून मागून पाहिलं. पत्र्यावर तळहात ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि काढून घेतला.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले.

"अहो, एवढा उतार..."

"व्हा पुढं."

ते चालू लागले. हातात लहानशी पिशवी, पाठ थोडी वाकलेली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, पण हॉर्न दिला नाही. बराच वेळ तो त्यांच्या मागे पावलाच्या चालीने गाडी रेटत राहिला, आणि आतलं कुणीही त्याला घाई कर म्हणालं नाही. रस्ता रुंद झाला तिथे भाऊ कडेला सरले आणि हाताने वाट दिली. आम्ही पुढे गेलो. कंडक्टर दारात लोंबकळत मागे पाहत होता, ड्रायव्हर आरशात, आणि मी मागच्या काचेतून. वर, गावाच्या कडेला, आई हातात किल्ली घेऊन उभी होती. भाऊ चालतच होते.